शिवणीत गेलेला चेहरा

दाभणबाई हे तिचं नाव नव्हे, हे सांगायला नको. जाड पुस्तकाला आरपार भोक पाडायचं लाकडी मुठीचं दाभण सदा तिच्या हातात असायचं, म्हणून ग्रंथालयात तिला सगळे तसं म्हणत. तिला ते चालत असे. मला चालत नसे, पण मीही तेच म्हणत आले, तेव्हा उगाच साळसूदपणा करत नाही.

वय छप्पन्न. अंगानं काटकुळी, उजव्या हाताचं पहिलं बोट दाबून दाबून चपटं झालेलं, चष्म्याच्या काडीला शिवणाचाच मेणाचा दोरा गुंडाळलेला. ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला अर्धी जमिनीत गेलेली बांधणीची खोली आहे. खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात. एक कापायचं यंत्र, एक लोखंडी दाब, खळीचं पातेलं, पुठ्ठ्यांची चळत आणि ती. तेहेतीस वर्षं. वडील बाइंडर होते, त्यामुळे नवव्या वर्षापासून ती छापील कागदांच्या घड्या घालत होती. शाळा सातवीपर्यंत. लग्नाचं विचारलं तर म्हणायची, "राहून गेलं," जसं काही गॅसवरचं दूध खाली उतरवायचं राहून गेलं. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत भाऊ-वहिनीबरोबर राहते. भाऊ कमी बोलतो, वहिनी त्याच्या वाटणीचंही बोलते.

हजारो पुस्तकं हाताखालून गेली तरी तिनं एकही वाचलेलं नव्हतं. मी एकदा विचारलं, तर मलाच म्हणाली, "शिंपी काय सगळ्यांचे कोट घालून बघतो का, ताई?"

मी कोण, तर पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली, ग्रंथालयाच्या समितीवरची म्हातारी. समितीत सात जण, त्यांत बाई मी एकटी. पहिल्या बैठकीत चहा आला तेव्हा सहाही जणांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी किटली चिटणिसांपुढे सरकवली. तेव्हापासून वळत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी एका वाचकानं घर बदलताना ग्रंथालयाला सव्वीस पुस्तकं दिली. कोरी करकरीत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गाजलेल्या भयकथा, पण चित्रांत सांगितलेल्या. ग्राफिक नॉव्हेल म्हणतात ती. चौकटीमागून चौकट, मोजके शब्द, आणि ऐन क्षणाला समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलं एकच मोठं चित्र. समितीतल्या मंडळींनी ती पुस्तकं चिमटीत धरून पाहिली आणि 'पोरखेळ' म्हणून बाजूला ठेवली. मीही फार आदरानं पाहिलं असं नाही.

आता आमच्या ग्रंथालयाचा एक नियम. कागदी वेष्टनाचं कुठलंही पुस्तक वाचकाला द्यायच्या आधी त्याची पक्की बांधणी करायची. म्हणजे पुठ्ठे लावायचे, तिन्ही कडा यंत्रावर सारख्या कापायच्या, आणि पाठीपासून बोटभर आत, सगळ्या जाडीतून तीन भोकं पाडून दोरा आवळायचा. चाळीस वर्षांपूर्वी वाचक पानं फाडून नेत असत, तेव्हाच्या कुणा चिटणिसानं हा उपाय शोधला. अशी बांधलेली पुस्तकं पूर्ण उघडत नाहीत, अर्धवट मिटलेलीच राहतात. पण शब्दांच्या पुस्तकाला आतून कोरा समास असतो, तो शिवणीत गेला तर कुणाचं काय जातं. या पुस्तकांना समासच नव्हता. चित्रं कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. दाभणबाईनं अकरा दिवसांत सव्वीसच्या सव्वीस आवळली, चिटणिसांनी तिला शाबासकी दिली, आणि पुस्तकं कपाटात गेली.

महिनाभरानं घरोघर विजेचे मीटर वाचत फिरणारा एक माणूस पुस्तक घेऊन थेट तिच्या खोलीत उतरला.

"बाई, यातलं पान गळलंय."

"माझ्या हातचं पान गळत नाही."

"मग शेवटी काय झालं ते सांगा. म्हातारा दार उघडतो, आणि पुढच्या पानावर मेलेला. मध्ये काय?"

गोष्ट एका दीपगृहाच्या राखणदाराची होती. एकटाच राहतो. रोज संध्याकाळी समुद्राच्या बाजूच्या भिंतीवर कुणीतरी ठोठावतं, आणि त्या बाजूला दारच नाही. किनाऱ्यावरच्या गावात बायको आहे, तिची पत्रं नेमानं येतात. होडीवाल्याला सांगतो, डॉक्टरला सांगतो, कुणी ऐकत नाही. एक दिवस भिंतीत दार असतं. तो ते उघडतो.

तिनं पानं मोजली. पुरी होती. पुस्तक ताणलं तेव्हा दोरा करकरला आणि फटीत हनुवटीची कड दिसली. मग तिनं सुरीनं दोरा कापला, आणि ते मधलं पान सपाट उघडलं. दोन्ही बाजूंना अंधार आणि बरोबर मध्यावर, जिथे तिनं शिवण घातली होती तिथे, राखणदाराच्या बायकोचा चेहरा. ओला. केसांत शेवाळ. जिची पत्रं त्या सकाळपर्यंत येत होती, तीच.

"दोरा तिच्या डाव्या डोळ्यातून गेला होता, ताई," तिनं मला पुढे सांगितलं. "माझाच दोरा. माझंच भोक."

मीटरवाला कागदाच्या गठ्ठ्यावर बसला. मग म्हणाला, "आत्ता कळलं," आणि पुस्तक आणखी आठ दिवस मागून घेतलं. दोरा नसलेलं पुस्तक बाहेर देता येत नाही, म्हणून तिनं त्याच भोकांतून पुन्हा शिवून दिलं. ते तिला फार लागलं.

त्या दिवसापासून बाईंचं वाचन सुरू झालं. दुपारच्या सुट्टीत, खोलीचं दार सताड उघडं ठेवून. शिवण दोन्ही अंगठ्यांनी दाबून फटीत डोळा लावायचा आणि आत काय गेलंय ते बघायचं. भारी घाबरायची. एका पुस्तकात आरशाच्या मागे राहणारी बहीण होती. ते मिटल्यावर तिनं त्यावर दाबाचं लोखंडी वजन ठेवलं आणि मग चहाला गेली. घरी सांगितलं तर वहिनी म्हणाली, "नणंदबाई, वाचा काय ते. घरी आणू नका म्हणजे झालं. दोन खोल्यांत आधीच चार माणसं."

"चौथं कोण?"

"तुमच्या भावाचं घोरणं. ते एक वेगळं माणूसच आहे."

मी तिला विचारलं, एवढी भीती वाटते तर वाचतेस कशाला. तिनं खळ ढवळत उत्तर दिलं. "यांतली माणसं सारखी सांगत असतात, ताई, की अमुक आहे, मी पाहिलं. आणि शहाणी माणसं त्यांना झोप काढायला सांगतात. शेवटी दार उघडतंच ना. मला तेवढं बघायचं असतं."

सव्वीसपैकी एकोणीस पुस्तकांत काही ना काही शिवणीत गेलं होतं. कुठे हात, कुठे पत्रातल्या ओळी, कुठे पाळण्यात काय आहे तेच. वहीच्या पानावर यादी करून ती चिटणिसांकडे गेली. दोरे उसवून देते आणि सगळ्या जाडीतून न शिवता एकेका घडीच्या दुमडीतून शिवते, म्हणजे पुस्तक सपाट उघडेल आणि बांधणीही टिकेल, एवढंच मागणं.

"कुणाची लेखी तक्रार आहे?" चिटणिसांनी विचारलं.

"माझी आहे, साहेब."

"तुम्ही बाइंडर. बाइंडरनंच बांधणीची तक्रार करायची?"

"मग कुणी करायची? मीच बांधलीत."

"एकेका पुस्तकाला चौपट वेळ जाईल, बाई."

"दुपारच्या सुट्टीत करीन."

"नियम काय दुपारच्या सुट्टीत बदलतो?"

हा माणूस विनोद करत नव्हता. यादी त्यांनी टाचणी लावून कुठल्याशा फायलीत घातली.

मग आमच्या प्राध्यापकांचं व्याख्यान आलं. प्राध्यापक म्हणजे समितीचं भूषण. निवृत्त, भरदार आवाजाचे. पुस्तकाबद्दल बोलतात तेव्हा आधी स्वतःबद्दल बोलून घेतात. विषय होता 'भय आणि चित्र'. चाळीस खुर्च्या भरल्या होत्या. त्या मांडायला दाभणबाईला लावलं होतं, म्हणून ती मागे दाराशी उभी. मी शेवटून दुसऱ्या रांगेत.

प्राध्यापकांनी दीपगृहाचं पुस्तक हातात धरलं, जितकं उघडत होतं तितकंच उघडून. "हा पाहा कथेचा कळस," ते म्हणाले. "दार उघडतं. मूळ लेखकानं इथे तीन पानं शब्दांनी थरकाप उडवला आहे. आणि चित्रकार काय करतो? डावीकडे काळं, उजवीकडे काळं, मध्ये काही नाही. जे दाखवायचं तेच त्याला पेलवलं नाही. त्यानं पळ काढला. चित्रांच्या पुस्तकाची कुवत इथे संपते."

टाळ्या पडल्या. मागून दाभणबाईचा आवाज आला.

"सर, आत चेहरा आहे."

सगळ्या माना वळल्या. प्राध्यापक प्रेमळ हसले. "बरोबर. प्रत्येकाच्या आत एक चेहरा असतोच."

"तसं नाही, सर. शिवणीत आहे. शिवणीत गेलाय."

"वा. शिवणीत," प्राध्यापक सभेकडे बघून म्हणाले. "याला म्हणतात सहज शहाणपण. आम्ही ग्रंथ पालथे घालतो आणि या बाई एका शब्दात सांगून जातात."

तिला टाळ्या पडल्या. चाळीस माणसं एका बाईला ती काय सांगतेय ते न ऐकता टाळ्या देत होती. हे आठवलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. पण खरं सांगायचं तर त्या टाळ्यांत माझ्याही होत्या. मलाही वाटलं, बाई काहीतरी काव्यमय बोलली. पस्तीस वर्षं पाण्याच्या तळाचा गाळ तपासलेली मी, पण उठून ते पुस्तक हातात घ्यावं हे मला सुचलं नाही.

पुढच्याच आठवड्यात समितीपुढे ठराव आला. विद्वान सदस्यांच्या विवेचनानुसार ही चित्रपुस्तकं वाङ्मयीन दृष्ट्या निरुपयोगी, सबब सव्वीसही रद्द करून रद्दीत द्यावीत. सात हात वर. सातवा माझा. मला घरी जायची घाई होती, आणखी काही कारण नव्हतं.

रद्द करायच्या पुस्तकांवर शिक्का मारायचा म्हणून ती वर मागवली. दाभणबाई दोन्ही हातांत चळत घेऊन आली. टेबलावर ठेवली. शिक्का घेऊन उभ्या चिटणिसांना म्हणाली, "एक मिनिट, साहेब." वरचं दीपगृहाचं पुस्तक घेतलं, कमरेच्या पिशवीतून सुरी काढली, पाठीशी तीनदा टोक घातलं, दोरा ओढून काढला आणि पुस्तक टेबलावर सपाट उघडून आमच्याकडे फिरवलं.

अध्यक्षांची खुर्ची हातभर मागे सरकली. माझ्या कपातला चहा बशीत सांडला. तो चेहरा ज्यानं काढला त्यानं पळ काढलेला नव्हता, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते.

"हे काय केलंत?" चिटणिसांना पहिल्यांदा कंठ फुटला. "ही ग्रंथालयाची मालमत्ता आहे."

"आत्ताच रद्दी ठरवलीत ना, साहेब?"

मी हसले. एकटीच. प्राध्यापकांनी चष्मा पुसला, चित्राकडे तिरकं पाहिलं आणि म्हणाले, "अपेक्षेपेक्षा बटबटीत आहे. माझा मुद्दा कायम राहतो. चेहरा नसता तर परिणाम वाढला असता."

"तुम्ही चाळीस जणांना सांगितलंत की चेहरा नाही, म्हणून चित्रकार भित्रा," मी म्हटलं. "आता आहे म्हणून बटबटीत. त्यानं करावं तरी काय?"

"ताई, आपण व्यक्तिगत होताय."

"होतेय. हात खाली घेते. माझं मत बदललं, पुन्हा मतदान घ्या."

तासभर वाद झाला. चार विरुद्ध तीन, पुस्तकं राहिली. पण चिटणीस नाकानं कांदे सोलणारे. त्यांनी अट घातली. बाइंडरनं भर बैठकीत पुस्तक फाडल्याबद्दल लेखी माफी द्यावी, ती तिच्या फायलीत लागेल. मग खास बाब म्हणून त्या सव्वीस पुस्तकांपुरती, तिच्या सुट्टीच्या वेळात, वेगळ्या शिवणीला परवानगी. माफी नाही तर ठराव पूर्ववत. पुस्तकं ठेवायच्या बाजूच्या चारांतला एक लगेच म्हणाला की हे वाजवी आहे. झालं.

मी तडक तिच्या खोलीत उतरले. "सही करायची नाही," मी सांगितलं. "तेहेतीस वर्षांत तुझ्या फायलीत एक लाल रेघ नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. चूक नियमाची, चूक त्या भाषणबाजाची, आणि माफी तू मागायची?"

ती पुठ्ठ्याचे तुकडे गोळा करत होती. "चूक माझीही आहे, ताई. शिवण्याआधी उघडून बघायला हवं होतं."

"तुला कुणी सांगितलं होतं बघायला?"

"सांगायला कशाला हवं?"

मी तरी म्हटलं, "त्यांना पुस्तकं जाळू दे. बदनामी त्यांची होईल."

"त्यांची कसली होतेय," ती म्हणाली. "शिक्का बसला की संध्याकाळी रद्दीवाला येईल, आणि त्या दारामागे काय होतं ते कुणाला कधी कळणार नाही. सगळे म्हणतील, काही नव्हतंच. सही एक, पुस्तकं सव्वीस. तुम्हीच सांगा कुठलं जड."

तिनं मसुदा वाचला. दोनदा वाचला. मग वर जाऊन चिटणिसांपुढे ठेवला आणि म्हणाली, "यात खोटं आहे. मी पुस्तक फाडलं असं लिहिलंय. मी उसवलं."

"काय फरक पडतो?"

"फाडलेलं परत नीट होत नाही, साहेब. उसवलेलं होतं. मी फाडणारी नाही."

चिटणीस वैतागले, पण बदल केला. तिनं सही केली, बोटाला लागलेली शाई पदराच्या आतल्या बाजूला पुसली आणि पुस्तकांची चळत उचलून खाली गेली.

मी गप्प बसले नाही. पुढच्या बैठकीत ठराव मांडला की व्याख्यानातला तो भाग बांधणीच्या दोषावर बेतलेला होता, हे सूचना फलकावर लावावं आणि बाईंचं माफीपत्र फायलीतून काढावं. अनुमोदक मिळाला नाही. अध्यक्षांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "व्याख्यान हे मत असतं, ताई." म्हणजे शिकलेल्या माणसानं बिनधास्त चुकावं, ते मत. हातानं काम करणाऱ्यानं बरोबर असावं, तरी ते नुकसान. प्राध्यापकांनी तर तेच व्याख्यान दुसरीकडे पुन्हा दिलं. आता म्हणे त्यात 'पाहणाऱ्याच्या नजरेत न येणारा चेहरा' असा नवा भाग आहे आणि तो लोकांना फार आवडतो. बाईंचा उल्लेख कुठे? नाही. माफीपत्र अजून फायलीत आहे. मी दर बैठकीला विषय काढते, ते दर बैठकीला पुढे ढकलतात. बघू कोण आधी थकतं.

ती मात्र दुसऱ्याच दिवशी कामाला बसली. नऊ आठवडे, रोज दुपारी एक तास. पुठ्ठा सोडवायचा, घड्या सुट्या करायच्या, जुन्या भोकांवर मागून पातळ कागद चिकटवायचा, मग एकेका घडीच्या पोटातून दोरा न्यायचा. यंत्रानं कापलेल्या कडा परत येणार नव्हत्या. कुणाची बोटं, कुणाच्या घराचं धुराडं कायमचं गेलं. त्या पानाशी तिचा हात क्षणभर थांबायचा. मी दोऱ्याला मेण लावून द्यायला बसत असे. माझं मेण जास्त लागतं असं तिचं म्हणणं होतं, आणि ती ते रोज म्हणायची.

दीपगृहाचं पुस्तक तिनं सगळ्यांत शेवटी घेतलं. पूर्ण झालं तेव्हा दाबातून काढलं, फडक्यानं पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"वाचा."

"चेहरा पाहिलाय मी. बैठकीत."

"तो पाहिला तुम्ही. वाचला कुठे?"

मी पहिल्या चौकटीपासून सुरुवात केली. दुपारचा साडेबाराचा उजेड होता, बाहेर रहदारी चालू होती, बाई शेजारी सुतळीचे तुकडे वेचत होती. होडीवाला हसला. डॉक्टरनं झोपेचं औषध दिलं. बायकोचं पत्र आलं, तब्येतीला जप असं लिहिलेलं. भिंतीवर ठोठावणं चौकटीगणिक जवळ येत गेलं, आणि मला आत काय आहे ते ठाऊक असूनही माझा अंगठा पानाच्या कोपऱ्याशी थबकला.

"थांबलात का?" तिनं मान वर न करता विचारलं.

"थांबले नाही. डोळे दुखताहेत."

"दुखू दे. एवढ्यासाठीच शिवलंय."

मी पान उलटलं. पुस्तक दोन्ही बाजूंना सपाट पडलं, मध्ये कुठेही न अडता.